घरच्याच म्हणालात ना?

शेवूला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. दुपारी शाळेचं स्नेहसंमेलन, त्यात ती पिवळं फुलपाखरू, आणि बघायला आई नाही. आई बंगल्यात धुणीभांडी करायची, आणि बंगल्यात नेमकं आजच हळदीकुंकू होतं.

आईने सुट्टी मागून पाहिली. बंगल्यातल्या वहिनी गोड हसल्या. म्हणाल्या, “कौसल्याबाई, तुम्ही काय परक्या आहात? तुम्ही तर घरच्याच. घरचं कार्य टाकून कुणी जातं का?”

आईने पदर खोचला आणि ती भांड्यांपाशी बसली.

आईबरोबर आलेली शेवू कागदी पंख लावून बंगल्याच्या बागेत येरझाऱ्या घालू लागली. गुलाबांकडून मधुमालतीकडे, मधुमालतीकडून हौदाकडे. एवढ्यात पानावरच्या इवल्याशा दवबिंदूला पाय फुटले. तुम्ही हसाल, पण फुटले, आणि पायांत पैंजणही होते. थेंबातून उतरली बोटभर परी. लालचुटूक झगा, चंदेरी केस, चिमुकल्या पंखांवर मोरपिशी चमचम.

परीने आधीच सांगून टाकलं की नवं काही घडवणं तिला जमत नाही. आज या घरात मोठ्या माणसांच्या तोंडून जे निघालं, त्यातलं एकच ती खरं करणार, तेही दिवस मावळेपर्यंत.

“वहिनी मघापासून म्हणतायत, माझी कंबर मोडली,” परीने डोळा मिचकावला. “करू खरं?”

शेवूला मोह झाला. खोटं कशाला सांगू? ती या पायावरून त्या पायावर नाचली. मग म्हणाली, “नको गं, त्यांना दुखेल. तू ‘घरच्याच’ कर ना खरं.”

परीने टिचकी वाजवली. सोनेरी कण भुरभुरत स्वयंपाकघरात शिरले.

आता त्या घरात घरची माणसं मुळातच कुठल्या कामाला हात लावत नसत. साहेब चहा पिऊन कप तिथेच सोडायचे, मुलगा ओला टॉवेल पलंगावर टाकायचा. आई खरोखर घरची झाली, तिने हात पुसले आणि ती झोपाळ्यावर जाऊन बसली.

वहिनी धावत आल्या. “अहो, भांडी कोण घासणार?”

“वहिनी, आपल्या घरात भांडी घासतं कोण?” आईने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच आठवत नव्हतं.

वहिनी आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. चार वाजता बायका येणार होत्या. पण समोर घरचं माणूस बसलेलं, त्याला काय बोलणार? शेवटी घरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “शेवूचा नाच किती वाजता आहे?”

मग साहेबांच्या हाती घासणी आली, मुलाच्या हाती झाडू. साहेबांनी बशी फोडली, ते सोडा. मुद्दा असा की तेव्हापासून वहिनी ‘घरच्याच’ म्हणताना अडखळतात, आणि आईच्या सुट्टीचा वार ठरलेला आहे.

त्या दुपारी शाळेत पडदा वर गेला. परी शेवूच्या कागदी पंखांवर क्षणभर टेकली. पंख रेशमासारखे लखलखले, आणि त्याच पिवळ्याधमक उजेडात परी विरून गेली.

शेवूने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत आई बसली होती. काहीच काम नसलेले हात कुठे ठेवावेत, तिला कळत नव्हतं.

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि तिला ते कळलं.