लॅटिनची तोंडी परीक्षा

“...आणि तोंडी परीक्षा दिलीच नाही, तर?” खासनीस सरांनी विचारलं.

“तर नापास,” फादर बस्त्याव म्हणाले.

“लेखीत पैकीच्या पैकी गुण असूनही?”

“असूनही.”

शनिवारचा तास संपला होता. पडद्यावरच्या बाकीच्या चौकटी एकेक करून विझल्या आणि दोघंच उरले. साताऱ्याला खासनीस, वसईला फादर.

फादर बस्त्याव रुमाव नव्वदीकडे झुकलेले. निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात त्यांची एक खोली होती. एका कॉलेजनं प्राथमिक लॅटिनचा ऑनलाइन वर्ग काढला आणि शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा कुणाला तरी त्यांची आठवण झाली. ते कॅमेऱ्याच्या इतके जवळ बसत, की वर्गाला त्यांचं कपाळ आणि चष्माच काय तो दिसे. मागे एक जुना पंखा संथपणे फिरत असायचा.

वासुदेव खासनीसांनी सारा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवला होता. समोरच्यानं चुकीचा उच्चार केला, की ते डोळे मिटून घेत. जणू कुणी त्यांच्या पायावर पाय दिला. विद्यार्थी त्यांच्यापुढे श्लोक म्हणायला उभे राहिले, की येत असलेलंही विसरून जात.

लॅटिनचं पुस्तक त्यांनी इतरांच्या कितीतरी आधी संपवलं. नामं चालवणं, क्रियापदं चालवणं हे त्यांच्या घरचंच अंगण. फादरांनी एखादा नियम सांगितला, की संस्कृतात तो कसा अधिक नेटका आहे हे खासनीस सांगत. एकदा म्हणाले, आमच्याकडे आठ विभक्ती, इथे जेमतेम सहा, बरीच गळती झालेली दिसते. फादर म्हणाले, हो, म्हातारी आहे.

मात्र एक गोष्ट फादरांच्या लक्षात आली होती. खासनीस मराठीत भरपूर बोलत, पण लॅटिनचा एक शब्दही त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. वाचायला सांगितलं की उत्तर पडद्यावर टाइप करून देत. अचूक, एका मात्रेचीही चूक नाही. मेलेली भाषा वाचायची असते, बोलायची नसते, असं त्यांचं म्हणणं.

वर्गात ग्रेटा लोपीस नावाची एक नर्स होती. ड्युटी संपवून, गणवेशातच, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ती तासाला हजर राहायची. एका शनिवारी तिनं ‘चांगला शेतकरी’ मोठ्यानं वाचून दाखवताना शेतकऱ्याला स्त्रीलिंगी विशेषण लावलं. तो शब्द दिसायला स्त्रीलिंगीच दिसतो, नवशिके सगळेच तिथे फसतात. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खासनीसांनी लिहिलेली दुरुस्ती पडद्यावर झळकली. नियमासकट.

ग्रेटा मध्येच थांबली... आणि तिनं माइक बंद केला.

त्यानंतर ती तासाला यायची, पण बोलायची नाही. माइक बिघडलाय म्हणायची.

फादरांनी त्या दिवशी खासनीसांना तास संपल्यावर थांबवून घेतलं होतं.

“तिचं चुकलं होतं,” खासनीस म्हणाले.

“चुकलं होतं,” फादर म्हणाले. “पण ती बोलत होती.”

खासनीसांना राग आला. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, उठून चहाचा कप विसळला, आणि मग ओला कप हातात धरून ते स्वयंपाकघरात बराच वेळ उभे राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांची पत्नी जाऊन वर्षही झालं नव्हतं.

तिचं नाव सुनीती. म्हणजे ते नाव सासरचं. जन्माची ती फिलोमिना, वसईची, घरातली थोरली फिलू. एम.ए.ला असताना दोघांची ओळख झाली. लग्न ठरलं तेव्हा तिच्या घरानं तिच्याशी संबंध तोडले, आणि त्यांच्या घरानं अट घातली. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि फिलोमिना तिथे संपली.

ती सुनीती झाली ती अगदी पुरती. सोवळं शिकली, पुरण शिकली, स्तोत्रं पाठ केली. सुरुवातीला ती स्तोत्र म्हणायला लागली की खासनीस आतल्या खोलीतून ओरडून उच्चार सुधारायचे. हा श नव्हे, हा ष. विसर्ग खाऊ नकोस. पुढे पुढे ती मनातल्या मनात म्हणायला लागली. घरात शांतता असते याचं खासनीसांना समाधान होतं.

चर्चचं नाव तिनं कधी काढलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग तिला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही. पाणी, उशी, खिडकी, काहीच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, शब्द गेलेत, पण लहानपणी पाठ केलेलं कधीकधी शिल्लक राहतं. स्तोत्रं येतील म्हणून खासनीस वाट पाहत राहिले. स्तोत्रं आली नाहीत. जे आलं ते त्यांना समजलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी या वर्गात नाव घातलं. मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, बरं झालं बाबा, मन रमेल. खासनीस हो म्हणाले.

तोंडी परीक्षा फादर एकेकाला वेगळं बोलावून घेत होते. ग्रेटाची झाली. तिचा माइक त्या दिवशी चालू झाला, असं फादर सहज बोलून गेले. मग खासनीसांची वेळ आली. येणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तरी ते इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी पडद्यापुढे येऊन बसले होते.

फादरांनी सोप्यात सोपा प्रश्न विचारला. लॅटिनमध्ये स्वतःचं नाव सांगा.

खासनीसांनी टाइप केलं.

“बारीक अक्षर मला दिसत नाही,” फादर म्हणाले. “बोला.”

खासनीसांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

“फादर,” शेवटी ते मराठीत म्हणाले, “परीक्षा राहू द्या. माझी एक शंका आहे. व्याकरणाची.”

“विचारा.”

“खोलीत दोनच माणसं आहेत. त्यातलं एक दुसऱ्याला म्हणतं, दोमिनुस वोबिस्कुम. प्रभू तुमच्याबरोबर असो. हा प्रयोग चूक ना? वोबिस्कुम अनेकवचन आहे. समोर एकच माणूस असेल तर तेकुम हवं.”

त्यांच्या तोंडून लॅटिन निघालं होतं. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. फादरांच्या आलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

“कोण म्हणालं?”

“उदाहरण आहे.”

“कुणाचं?” फादरांनी विचारलं.

“...माझी पत्नी,” खासनीस म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटच्या दिवसांत ती एवढंच म्हणायची. डावा हात थोडा वर उचलायची, त्यांच्याकडे बघायची आणि ते दोन शब्द म्हणायची. म्हणून झालं की थांबायची. त्यांना वाटायचं, काहीतरी मागते आहे. पाणी आणायचे, चादर सारखी करायचे. ती मान हलवायची आणि पुन्हा म्हणायची. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं.

“तुम्ही काय म्हणालात?” फादरांनी विचारलं.

“मी म्हणालो, मराठीत बोल.”

पंखा फिरत होता.

खासनीस पुढे बोलत राहिले. एके दिवशी तिनं म्हणायचं सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि त्याच आठवड्यात गेली.

फादर म्हणाले, त्या काळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. धर्मगुरू हात उचलून हेच दोन शब्द म्हणे आणि लोक ठरलेलं उत्तर देत. वेदीपाशी मदतीला मुलग्यांनाच घेत, मुलींना तिथे यायला मनाई. मग मुली घरी मिस्सा-मिस्सा खेळायच्या. अंगावर आईची ओढणी घ्यायची, पाटावर उभं राहायचं आणि फादर व्हायचं. धाकटी भावंडं समोर बसवायची आणि त्यांनी उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवा नवा धर्मगुरू होतो तेव्हा किती अंगणांत बघितलंय, ते म्हणाले. आणि थोडे हसले. खासनीस हसले नाहीत.

“म्हणजे माझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “तिनं मला जन्मभर अहो म्हटलं. सुरुवातीला मला वाटलं, हे वोबिस्कुम म्हणजे तिचं अहोच असेल. पण तुमच्या या भाषेत आदरार्थी अनेकवचन नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं. नाही. समोर एक माणूस असेल तर तू, मग तो राजा का असेना. म्हणजे ती माझ्याशी बोलत नव्हती. तिच्यापुढे ते अंगण होतं. ती सगळी मुलं होती. मी नव्हतो.”

त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच ठाम होता. फक्त मध्येच त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

“एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं. त्यासाठीच हा वर्ग. तुम्ही सांगा, चूक आहे ना?”

“एकच माणूस मिस्सेला आला, तरी आम्ही वोबिस्कुमच म्हणायचो,” ते म्हणाले. “तसंच ठरलेलं होतं.”

“म्हणजे माझ्याशीही असू शकेल.”

“असू शकेल.”

“किंवा नसेल.”

“किंवा नसेल.”

“सांगता येत नाही?”

“नाही.”

खासनीसांनी मान खाली घातली. एवढा रस्ता तुडवून ते जिथे निघाले होते तिथेच परत आले होते. आभार मानावेत आणि कॉम्प्युटर बंद करावा, अशा विचारानं त्यांनी हात पुढे केला.

तेव्हा फादर खुर्चीत मागे सरकले आणि त्यांनी आपला हात उचलला. थोडासाच.

“दोमिनुस वोबिस्कुम,” ते म्हणाले.

आणि थांबले.

खासनीस बघत राहिले. फादरांचा चेहरा हलत नव्हता. हात तसाच वर. पापणीसुद्धा लवत नव्हती. खासनीसांना वाटलं, नेट गेलं, चित्र गोठलं. पण मागचा पंखा फिरत होता.

“उत्तर मला माहीत आहे,” ते म्हणाले. “ती गेली त्याच दिवशी शोधून काढलं. पाठ आहे.”

फादर थांबलेलेच.

“आता त्याचा काय उपयोग?”

“...”

“फादर, ती नाही आता.”

“...”

हात वरच होता. नव्वदीला आलेल्या माणसाचा हात, किती वेळ वर राहणार. कोपर हळूहळू खाली येऊ लागलं, फादरांनी दुसऱ्या हातानं ते सावरून धरलं, आणि तरी ते थांबूनच राहिले.

खासनीसांनी तोंड उघडलं. हजारो विद्यार्थ्यांना उच्चार शिकवलेली ती जीभ, पहिल्याच शब्दाला अडखळली.

“एत...” ते म्हणाले. “एत कुम...”

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडलं. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत गेला. त्यांनी त्याचा आवाज लांब जाऊ दिला.

“एत कुम स्पिरितु...”

आणि तुझ्या आत्म्याबरोबर. एकच शब्द उरला होता. ‘तुझ्या’ एवढाच. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्यांनी तिकडून नजर काढून घेतली.

“...तुओ,” ते म्हणाले.

फादरांनी हात खाली घेतला.

खासनीसांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले. फादरांनी चष्मा लावला नाही.

“उच्चार चुकला,” खासनीस तळहातांआडून म्हणाले.

“चुकला.”

“परीक्षा?”

“झाली.”

त्यांनी हात बाजूला केले. डोळे पुसले नाहीत.

“पण फादर... ती माझ्याशी बोलत होती, की नव्हती?”

फादर बस्त्याव पुन्हा पुढे झुकले. आता पडद्यावर त्यांचे दोन डोळेच तेवढे दिसत होते.

“तिचं वाक्य अनेकवचनी होतं, सर,” ते म्हणाले. “उत्तर एकवचनी आहे.”