बोरीच्या पोटातली शमी

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं थोरल्या आत्याने बजावलं होतं. म्हणून नावं बदलून सांगते.

वाळवंटाच्या कडेला एका गावात हेमाराम नावाचा एक मेंढपाळ राहत होता. त्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाने शमीचं रोप लावत. वर्षातून एकदा सारा गाव झाडाझाडापाशी थांबे आणि त्या त्या माणसाचं नाव मोठ्याने घेई. रोप जळालं, तर नाव घेणंही बंद होई. हा मान फक्त घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकांसाठी झाड नव्हतं.

हेमारामचे वडील वारले. त्याने घरामागची जागा निवडली आणि तिथली बोरीची काटेरी झुडपं मुळासकट उपटली. वडिलांच्या झाडाचं पाणी दुसऱ्या कुणी प्यायला नको, असं त्याला वाटे. ती जमीन तो रोज झाडून लख्ख ठेवी. पण उघड्यावर ऊन तापलं, वाऱ्याने वाळू फेकली आणि रोप करपलं. दुसरं लावलं, तेही करपलं.

शेजारचा भोमाजी म्हणाला, "हेमा, यंदा तुझ्या बापाचं नाव घ्यायला आम्ही थांबायचं कुठे? झाडलेल्या अंगणात?"

हेमारामची मान खाली गेली. कुंपणाशी आता बोरीचं एकच झुडूप उरलं होतं. 'हेच पाणी पितंय,' असं म्हणत त्याने कुऱ्हाड उचलली.

त्याची आई धापू ओसरीवर बसली होती. तिची जीभही त्या झुडपासारखीच. घरातलं कुणी ओरखड्यातून सुटत नसे.

"तोड की!" ती म्हणाली. "तुझ्या बापाचं धोतर फाडलं त्याने, माझे पदर फाडले. पण मी या घरात आले तेव्हापासून आहे ते. जरा दम धर, माझ्यामागून तोड."

हेमारामने ऐकलं नाही. घाव कुठे घालायचा ते पाहायला त्याने फांद्या बाजूला सारल्या. हात रक्ताळला. आतली माती मात्र गार लागली. वाऱ्याने आणलेला पाला तिथे अडकून कुजला होता. गवताच्या काड्या उभ्या होत्या. आणि त्यांच्यामध्ये, कुठल्याही बकरीचं तोंड पोचणार नाही अशा जागी, शमीचं वीतभर हिरवं रोप होतं.

त्याच्या मनात आलं, हे काढून झाडलेल्या जागेत लावावं, म्हणजे कुणी हसणार नाही. पण त्याने बाजूला सारलेल्या फांद्या पुन्हा रोपावर ओढून घेतल्या. मग कुऱ्हाड घेऊन घरात गेला.

नाव घेण्याच्या दिवशी गाव जमला. भोमाजी हसला. "अरे, बापाला काट्यात बसवलंस?"

"हो," हेमाराम म्हणाला. "मी मोकळ्यावर बसवलं, ते मेलं. याने जगवलं."

वर्षं गेली. शमी बोरीच्या डोक्यावर गेली. तिच्या सावलीत बोर विरळ होत गेली आणि एका उन्हाळ्यात वाळून गेली. त्याच उन्हाळ्यात धापूही गेली.

हेमाराम त्या वाळक्या काटक्यांपाशी बसला. वडील वर्षातला बराच काळ मेंढ्यांमागे दूर असत. दुष्काळ आला, आजार आले, तेव्हा दारात आईच उभी असे. तिचे ओरखडे त्याला पाठ होते. तिची सावली त्याने कधी पाहिलीच नव्हती.

त्याच ओसाड, झाडलेल्या जागेत त्याने बोर लावली.

"बाईच्या नावाने? आणि तीही बोर?" लोक म्हणाले. त्या दिवशी कुणी तिथे थांबलं नाही. हेमाराम एकटाच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "धापू!"

पुढे गेलेला भोमाजी थबकला. मागे फिरला. त्याने घसा खाकरला आणि तोही म्हणाला, "धापू."

काही पावसाळ्यांनी त्या बोरीच्या पोटात गवत उगवलं, आणि गवतात शमीची रोपं.

तात्पर्य: ज्याच्या सावलीत आपण रुजलो, त्याचे काटे मोजत बसू नये. आणि आपल्या घरातलं असं झुडूप कोणतं, हे ते वाळून जाण्याआधीच आपण— आले गं आई, आले!