पहिल्या बाकावरचे गृहस्थ

मेथडिस्ट पाळकाला बदली चुकत नाही. रेव्हरंड शांतवन रणदिवे नऊ गावं फिरून दहाव्यात आले, आठवडाभर पाणचट चहा प्यायले आणि रविवारी दुधात पाणी घालणाऱ्यांवरच बोलले. पहिल्या बाकावरचे डेअरीवाले पठारे उपासना संपताच सगळ्यांदेखत गरजले, "पाळकसाहेब, पुन्हा हा विषय काढलात, तर बिशपसाहेबांना सांगून तुमची बदली करवीन!"

पाळकीणबाईंनी अजून ट्रंकाही उघडल्या नव्हत्या.

"जरूर करवा," रणदिवे म्हणाले, "फक्त तुम्ही नसाल अशा गावी. नऊ गावं पाहिली, प्रत्येक ठिकाणी पहिल्या बाकावर तुम्हीच होतात."

पुढच्या रविवारी पठारे शेवटच्या बाकावर बसले. रणदिव्यांनी विषय तोच घेतला, आवाज तेवढा चढवला.