गंजलेला बोल्ट आणि पाना

अवजारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळी एका गॅरेजात एक पाना राहायचा. एका जुन्या मोटारीच्या इंजिनातले बोल्ट गंजून घट्ट बसले होते. पान्याने जोर लावताच पहिल्या बोल्टचं डोकंच तुटून आलं. दुसऱ्यापाशी येऊन तो थबकला. हाही तुटला, तर इंजिन भंगारात जाणार होतं.

"बघतोस काय? लाव जोर!" हातोडा ओरडला.

पान्याने बोल्टला हळूच विचारलं, "दादा, सुटत का नाहीस?"

"तू ओढलंस की माझी मान पिळवटते रे," बोल्ट कण्हला.

पान्याने तेलाच्या कुपीला हाक मारली, "काकू, याच्या मुळाशी थोडं तेल सोडा." तेल मुरेपर्यंत तो जीव मुठीत धरून थांबला. मग त्याने बोल्ट आधी किंचित आवळला.

"अरे, उलटा कुठे फिरवतोस?" हातोडा हसला.

तेवढ्यात आतला गंज कर्रकन तडकला. थोडं सैल, थोडं घट्ट करत पान्याने बोल्ट अख्खा बाहेर काढला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

तिसऱ्या बोल्टपाशी हातोडा मागून आला. "मी काय करू?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"हलकेच टिचकी मार," पाना म्हणाला, "आणि तो काय म्हणतोय ते ऐक."