पाणी शेपटाकडून

एकदा एका नदीला पाणी कमी आले. नदी ती, कधी भरून वाहणार, कधी आटणार, त्याचे नवल नाही. नवल माणसांचे. पाणी कमी झाले की प्रत्येकाला आपलीच तहान सर्वांत जुनी वाटू लागते.

त्या नदीवर एक दगडी बंधारा होता. तिथून निघालेला मातीचा पाट डोंगराच्या कडेने वळसे घेत शिवारात उतरे. पाणीवाटपाचा अधिकार गावाने एका वृद्ध ज्ञानी पुरुषाकडे सोपवला होता. सगळे त्यांना बाबा म्हणत. एक तरुण शिष्य त्यांच्याकडे हे काम शिकत होता. गावाचा रिवाज असा, की टंचाईच्या वर्षी पाण्याची पाळी पाटाच्या शेपटाकडून सुरू व्हायची. सर्वांत दूरचे शेत आधी भिजे, बंधाऱ्याजवळचे सर्वांत शेवटी. ते भिजले की पुन्हा शेपटापासून. आणि पाणी चालू असेतो घरटी एक माणूस पाटाच्या काठावर फिरत असे, कारण त्या मऊ मातीत खेकडे बिळे पाडत. बीळ दिसले की चिखलाचा गोळा दाबायचा. बीळ चुकले की काठ फुटलाच म्हणून समजा.

बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याने बंधाऱ्याजवळची जमीन घेऊन केळी लावली होती. पाळीची वाट पाहणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो थेट राजधानीत गेला आणि कारभाऱ्यांचा हुकूम घेऊन परतला. पहिले पाणी केळीला.

हुकूम वाचून दाखवल्यावर त्याने समजावणीचा सूर लावला. "बाबा, शेपटापर्यंत जाता जाता निम्मं पाणी पाटातच जिरतं. माझं शेत तोंडाशी आहे. मला आधी दिलंत तर काही वाया जाणार नाही. साधा हिशेब आहे."

शिष्याला हिशेब पटला. तुम्हा-आम्हालाही पटला असता. स्वार्थ शहाणा असला की त्याचा हिशेब चोख असतो, हीच तर त्यातली मेख आहे.

बाबा म्हणाले, "हुकूम पाण्याचा आहे, तेव्हा पाणी घ्या. माणसांचा हुकूम यात नाही. काठावर आमचं एकही माणूस उभं राहणार नाही."

व्यापारी हसला. त्याच्याकडे गडी होते.

बाबा मग शिष्याला घेऊन शेपटाकडे गेले. तिथे चिंधाबाई नावाच्या विधवेचा गहू ओंबीवर उभा होता. पाळी तिची होती आणि घरात खाणारी तोंडे फार होती. बाबांनी आडपडदा ठेवला नाही. "चिंधाबाई, आज तुझं पाणी येत नाही. गहू कदाचित जाईल. तू नको म्हणालीस तर मी आत्ता जाऊन माणसं काठावर उभी करतो. त्या व्यापाऱ्याच्या केळीचं झालं की उरेल ते तुला मिळेल."

तिने एक ओंबी तळहातावर चोळून पाहिली. "दाणा अजून दुधात आहे. धरला तर धरला. त्याच्या मागं उभी राहून उष्टं पाणी मागणार नाही."

"पण मावशी, लेकरांना काय घालाल?" शिष्याने विचारले.

"आज त्याला आधी दिलं तर पुढच्या साली काय घालू?"

परतताना शिष्य संतापून म्हणाला, "पाणी त्याला आणि वाळायचं हिनं. बाबा, ही कसली नीती?"

व्यापाऱ्याने पाणी सोडले. गडी एक बीळ बुजवीत तोवर पलीकडे दोन गळू लागत. दुसऱ्या दिवशी केळीच्या वरच्या अंगालाच काठाचा मोठा तुकडा ढासळला आणि पाणी उतारावरून पुन्हा नदीत गेले. तोंडाशी आणखीही शेतकरी होते, हुकूम त्यांच्याही सोयीचा होता. पण गावातून एक माणूस हलला नाही. अंगणात बसून सगळे पाण्याचा आवाज ऐकत होते, आणि ते ऐकणे सोपे नव्हते.

अखेर व्यापारी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून बाबांच्या दारी आला. "माणसं द्या. नाहीतर शिपाई बोलावीन."

"बोलवा," बाबा म्हणाले. "खेकड्यांना हुकूम वाचून दाखवतील." मग त्यांनी शिष्यालाही जवळ बसवले. "शेपटाच्या माणसाकडे पाणी सगळा पाट ओलांडून येतं, म्हणून तो सगळा पाट राखतो. तोंडाच्या माणसाला वाटतं, खालच्यांचं लवकर आटपावं म्हणजे आपली पाळी येईल, म्हणून तोही राखतो. हे उलटं करा. तोंडाचा माणूस आपलं भिजलं की घरी जाऊन झोपेल. शेपटाच्याला आशाच नाही, तो कशाला येईल? निम्मं पाणी जिरतं म्हणालात, ते खरं आहे. त्या किमतीत आम्ही सगळं गाव काठावर उभं करतो. पाळी शेपटाकडूनच लागेल. मान्य नसेल तर पाट असाच फुटका राहू द्या. आम्हाला वाळायची सवय आहे, तुमच्या केळीला नाही."

व्यापाऱ्याने हुकूम घडी करून खिशात घातला आणि काठ बांधायला फावडे मागितले.

पाणी शेपटाला पोहोचले तेव्हा चिंधाबाईचा निम्मा गहू वाळून गेला होता. "निम्मा गेला," ती बाबांना म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. बाबांनी वाकून उरलेल्या गव्हाकडे पाणी वळवले.

पुढे क्रमाने शेते भिजत गेली आणि शेवटी केळीची पाळी आली. त्या सकाळी शिष्याला चिंधाबाई बंधाऱ्याजवळ दिसली. ती पाटाच्या काठावर वाकून बीळ बुजवीत होती.

"मावशी, तुमचं तर केव्हाच भिजलं," तो म्हणाला. "आता त्याच्या केळीसाठी कशाला राबता?"

"त्याचं भिजल्याबिगर माझी पाळी परत कशी लागंल?" वर न पाहता ती म्हणाली.

शिष्याने धोतर खोचले, मूठभर चिखल उचलला आणि तिच्या पुढचे बीळ दाबले.

पाणीवाटपाच्या बैठकीला जाल तेव्हा शेपटाचा माणूस तिथे बसला आहे का, एवढे पाहा. नसेल तर बैठक मोडा.