सडक आहे म्हणून

“मग सडकेवर वहाणा का घालता तुम्ही?”

“सडक आहे म्हणून,” नीलाक्का म्हणाल्या.

“हे काय उत्तर झालं?”

अक्का शेंगा फोडत होत्या. फोडत राहिल्या...

गडहिंग्लजच्या पुढे, सीमेकडच्या डोंगरात त्यांचा लहानसा मठ होता. वय सत्तरीच्या पुढचं. डोंगरावर त्या अनवाणीच फिरायच्या, मुरमावरून, काट्याकुट्यांतून. पण पायवाट उतरून मोठ्या रस्त्याला लागल्या की पिशवीतून टायरच्या वहाणा काढायच्या आणि पायांत सरकवायच्या.

वैजयंता सासनेला हे चार वर्षं खुपत होतं.

ती कोल्हापूरची. कॉलेजात गणित शिकवायची. पहिल्यांदा मठात आली तेव्हा शर्यती धावून धावून दोन्ही गुडघे गेले होते. धावणं विसरा, असं तिला सांगण्यात आलं होतं. अक्कांनी वेगळंच सांगितलं. बूट काढ आणि खालच्या झऱ्यावरून पाणी आण.

सुट्टी मिळाली की ती यायची आणि पाणी वाहायची. तळवे फाटले, भरले, पुन्हा फाटले. दुसऱ्या वर्षी ती तीच वाट घागर घेऊन पळत चढू लागली. गुडघे दुखायचे थांबले. त्यानंतर तिनं पायात काही घातलं नाही. वर्गातही नाही, लग्नकार्यातही नाही.

आता तिच्या शब्दावर बूट काढलेली तीस-पस्तीस माणसं तिच्या मागे होती. त्यांच्यासमोर एक डॉक्टर म्हणाला होता, “पहाटे गवतावर कोणीही पळेल.”

म्हणून तिनं एप्रिलमधला हा रविवार निवडला होता. सकाळी दहाची वेळ. मठाच्या फाट्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत वीस किलोमीटर अनवाणी धावायचं, तेही नव्याकोऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर. पलीकडच्या टोकाला तिची माणसं उभी राहणार होती. डॉक्टरही येणार होता.

“आशीर्वाद द्या,” ती म्हणाली.

“डावा पाय काय म्हणतोय?”

“काही नाही.”

“आल्यापासनं जपून ठेवतीस तो.”

वैजयंतानं पाय मागे घेतला.

“पाय माझा आहे, अक्का. मी सांगेन ते तो म्हणेल.”

अक्कांनी सुपातली टरफलं फुंकली.

“जा की मग.”

ती गेली.

पहिला अर्धा किलोमीटर सोपा गेला. ऊन खांद्यावर होतं, रस्ता अजून सोसवत होता. मग हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं. डोंगरावर दोन पावलं कधी सारखी पडत नाहीत. एक दगडावर, एक मातीत, एक तिरपं, एक चवड्यावर. इथं प्रत्येक पाऊल मागच्यासारखंच पडत होतं. तोच ठोका, त्याच हाडावर.

डाव्या पायात महिनाभर एक ठणका होता. तिनं तो कोणालाही सांगितला नव्हता. आता तो पावलागणिक वर चढत होता.

तिनं दात आवळले आणि वेग वाढवला.

पुलाजवळ तिनं सहज मागे पाहिलं.

पांढऱ्या लुगड्यातली एक बारीक आकृती रस्त्याच्या मधोमध येत होती. सावकाश, पण न थांबता.

वैजयंता थांबली. अक्का जवळ आल्या. पाय उघडे होते.

“वहाणा कुठं आहेत?”

“मठात.”

“का?”

“तू थांबणार आहेस?”

“नाही.”

“मग चल.”

“अक्का, सिमेंट तापलंय.”

“होय.”

“तुम्ही माघारी जा.”

तिच्या बाजूनं त्या पुढे निघाल्या.

वैजयंता चिडली. ही सक्ती होती, सरळ सरळ सक्ती. ती पुन्हा धावू लागली, अक्कांना मागे टाकून, पुलापलीकडे, चढावर. मागे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं. दोनशे पावलं मोजली. तीनशे...

मग पाहिलं.

अक्का चढाला लागल्या होत्या. आता त्यांचे तळवे पुरते टेकत नव्हते. त्या बाहेरच्या कडांवर चालत होत्या.

वैजयंता उभी राहिली. पुढे अजून एकोणीस किलोमीटर होते. तिची माणसं उन्हात वाट पाहत असतील. डॉक्टर घड्याळ बघत असेल.

तिनं एक शिवी हासडली, कोणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ती उलटी फिरली.

“बसा खाली.”

अक्का कडेच्या गवतात बसल्या. वैजयंतानं त्यांचा एक पाय मांडीवर घेतला. टाच दगडासारखी होती, चवडा दगडासारखा होता. मधल्या खोलगट भागात मात्र रुपयाएवढे फोड उठले होते, आणि त्यातला एक फुटला होता. अक्कांच्या पायांना फोड येऊ शकतात, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

“हा जुलूम आहे,” ती म्हणाली.

“असेल.”

“मला अडवायचं होतं तर निघतानाच अडवायचं.”

“ऐकली असतीस?”

“नाही.”



वैजयंतानं गळ्यातला रुमाल फाडून दोन्ही तळव्यांना बांधला, मग पाठ करून उकिडवी बसली.

“धरा मला.”

अक्कांचं वजन फार नव्हतं. भरलेल्या दोन घागरींहून थोडं जास्त. वैजयंता उठली आणि मठाच्या दिशेनं चालू लागली. दहा पावलं. वीस...

तिसाव्या पावलाला वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

ती पडली नाही. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि अक्कांना तिनं अलगद गवतावर उतरवलं. मगच ती आडवी झाली.

एक मालट्रक गेला, त्याची धूळ दोघींच्या अंगावर बसली.

“महिना झाला,” वैजयंता आभाळाकडे बघत म्हणाली. “महिन्यापासून दुखतोय.”

“होय?”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“तुझी चाल ठाऊक होती. पायाचं तुला ठाऊक.”

अर्ध्या तासानं दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं कॅन सरकवून जागा केली आणि दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. वैजयंताच्या पावलातलं मधलं हाड मोडलं होतं. चीर जुनी होती, आज हाड पुरतं तुटलं. सहा आठवडे प्लास्टर. अक्कांच्या दोन्ही तळव्यांना मलमपट्टी झाली. दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या.

दुपारी तिची माणसं येऊन गेली. काहींच्या पायात बूट होते, काहींनी चपला हातात घेतल्या होत्या. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. तिनंही काही सांगितलं नाही. तो डॉक्टरही दारापर्यंत आला, अक्कांच्या पट्ट्यांकडे पाहत उभा राहिला आणि परत गेला.

तिसऱ्या दिवशी वैजयंता बोलली.

“प्लास्टर निघालं की मी पुन्हा धावणार. अनवाणीच.”

“कोण नको म्हणालं?”

“मग तुम्ही पाय का जाळून घेतले?”

“शिष्य पुढं गेला की मागनं जावं लागतं.”

“मी तुम्हाला बोलावलं नव्हतं.”

“नव्हतंस.”

खिडकीबाहेर कोणीतरी पत्र्यावर मिरच्या वाळत घालत होतं. उठण्यासाठी वैजयंतानं कोपरं टेकली. ओठ घट्ट मिटले. प्लास्टरमधला पाय खाटेच्या कडेपर्यंत आणला. तिच्या कपाळावर घाम फुटला होता आणि डोळे भरून आले होते.

“मी हरलेले नाही, अक्का.”

अक्कांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“नाही हरलीस... उठून दाखवू नकोस.”