चुई चिचुंद्री आणि मुठीतली शेंग

मांडी घाला. नाक पुसा. मध्ये कुणी बोललं तर गोष्ट बंद. आधीच सांगून ठेवतो.

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चुई. नाक लांब, डोळे बारीक, आवाज त्याहून बारीक. लोक म्हणायचे, शी, चिचुंद्रीला वास येतो! येतो. मग? तुमच्या पायमोज्यांना काय अत्तराचा येतो?

चुईला पिल्लं तीन. थोरलं, मधलं, धाकटं. चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? नाही ना? मग ऐका. थोरलं धरतं आईचं शेपूट. तोंडात. मधलं धरतं थोरल्याचं शेपूट. तोंडात. धाकटं धरतं मधल्याचं. झाली आगगाडी! तोंडात शेपूट, मग बोलणार कसं? नुसतं म्म म्म म्म!

एकदा काय झालं, चुईला एक शेंग सापडली. भुईमुगाची. तीनदाणी. हलवली की वाजायची, खुळुक खुळुक. एक शेंग, तीन दाणे, तीन पिल्लं. वाटणी बरोबर. पिल्लं सकाळपासून उपाशी होती. पोटं वाजत होती, गुडगुड गुडगुड.

चुईनं नाकानं शेंग ढकलली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

शेंग ओसरीवर आली. ओसरीवर एक झोळी टांगलेली. जुन्या लुगड्याची, मऊ मऊ. झोळीत दगडूबाळ. त्याचा एक हात बाहेर लोंबत होता. शेंग त्या हाताखाली गेली, आणि...

गप्पकन!

बाळानं मूठ मिटली. शेंग मुठीत. मूठ घट्ट. वर बाळच रडतंय, ट्यँहा ट्यँहा! शेंग चुईची गेली आणि रडतो हा. आहे का न्याय?

चुई म्हणाली, "बाळा बाळा, मूठ सोड. शेंग माझी आहे."

बाळ म्हणालं, "ट्यँहा! झोप आल्याशिवाय मी मूठ सोडत नाही. जा!"

चुई निघाली.

सुर सुर सुर, भिंतीभिंतीनं,
पुढं चुई, मागं तीन.
म्म म्म म्म!

झोपबाई बसली होती वर, आढ्यावर. पाय सोडून. जांभया देत. आऽऽऽ!

"झोपबाई झोपबाई, खाली ये."

"का गं?"

"बाळ मूठ सोडीना,
शेंग मला मिळेना,
पिल्लांचं पोट भरेना!"

झोपबाई म्हणाली, "गाणं ऐकल्याशिवाय मी खाली येत नाही. आणि रेडिओच्या डबड्यातलं गाणं नको. तोंडचं पाहिजे. जा!"

सुर सुर सुर, भिंतीभिंतीनं,
पुढं चुई, मागं तीन.
म्म म्म म्म!

बाळाची आई तिथंच ओसरीवर बसली होती. नाव तिचं कौतिक. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोळी हलवत होती, कर्र कर्र. हातानं शेंगा फोडत होती, कट् कट्. धुरळा उडत होता. आई खोकत होती, खॉक खॉक.

"बाळाच्या आई, बाळाच्या आई, गाणं म्हण."

"का गं?"

"झोप खाली येईना,
बाळ मूठ सोडीना,
शेंग मला मिळेना,
पिल्लांचं पोट भरेना!"

आई म्हणाली, "मूठ ओढून सोडवली तर हा गाव गोळा करील बाई. आणि गाऊ कशी? घसा बघ, नुसता धुरळा! चहा प्यायल्याशिवाय मी गाणं म्हणत नाही. जा!"

सुर सुर सुर, भिंतीभिंतीनं,
पुढं चुई, मागं तीन.
म्म म्म म्म!

आत चुलीपाशी बाळाचा आजा, म्हणजे कौतिकचा बाबा, बसला होता. मिशा पांढऱ्या, भुवया वाकड्या. चूल पेटलेली. आजा नुसता जाळाकडे बघून गुरगुरत होता.

"आजोबा आजोबा, चहा ठेवा."

"का गं?"

"आई गाणं म्हणेना,
झोप खाली येईना,
बाळ मूठ सोडीना,
शेंग मला मिळेना,
पिल्लांचं पोट भरेना!"

आजा म्हणाला, "चिचुंद्री मला शिकवते! दूध आल्याशिवाय मी चहा ठेवत नाही. कोरा चहा? तो काय चहा आहे? काळं पाणी! जा!"

"मग तुम्हीच गाणं म्हणा की, आजोबा."

"मी? मी गायलो तर कौलं खाली येतील. जा म्हटलं ना!"

सुर सुर सुर, भिंतीभिंतीनं,
पुढं चुई, मागं तीन.
म्म म्म म्म!

गोठ्यात काळी-पांढरी बांडी गाय उभी होती. शेपूट मारत होती, फट् फट्. पाय आपटत होती, धप् धप्.

"गायबाई गायबाई, दूध दे."

"का गं?"

"आजा चहा ठेवीना,
आई गाणं म्हणेना,
झोप खाली येईना,
बाळ मूठ सोडीना,
शेंग मला मिळेना,
पिल्लांचं पोट भरेना!"

गाय म्हणाली, "माझं वासरू ओरडतंय. मला सुचतंय का काही? वासरू गप बसल्याशिवाय मी दूध देत नाही. जा!"

सुर सुर सुर, भिंतीभिंतीनं,
पुढं चुई, मागं तीन.
म्म म्म म्म!

वासरू कोपऱ्यात बांधलेलं. मान वर करून ओरडत होतं, हम्माऽऽ हम्माऽऽ!

"वासरा वासरा, गप बस."

"का गं?"

"गाय दूध देईना,
आजा चहा ठेवीना,
आई गाणं म्हणेना,
झोप खाली येईना,
बाळ मूठ सोडीना,
शेंग मला मिळेना,
पिल्लांचं पोट भरेना!"

वासरू म्हणालं, "तिकडं ते बाळ रडतंय, म्हणून इकडं मी रडतोय. बाळ गप बसल्याशिवाय मी गप बसत नाही. जा!"

घ्या! आता जायचं कुठं? परत बाळाकडे? बाळ म्हणणार झोप आण. झोप म्हणणार गाणं आण. आई म्हणणार चहा आण. आजा म्हणणार दूध आण. गाय म्हणणार वासराला गप कर. वासरू म्हणणार बाळाला गप कर. सगळे बसलेत एकमेकांच्या तोंडाकडे बघत. शहाणे!

चुईचे पाय दुखायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

चींऽऽऽ!

धाकट्यानं शेपूट सोडलं होतं. आगगाडी तुटली. धाकटं खाली बसलं आणि रडायला लागलं. भूक लागली म्हणून रडत होतं. दमलं म्हणून रडत होतं. दोन्ही एकदम लागलं की कसं होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. काल तुम्हीच तेच केलंत.

चुई शेंग विसरली. तिथंच वासराच्या पायाशी, गवतात बसली. धाकट्याला पोटाशी घेतलं. आता त्याला द्यायचं काय? खायला नाही. प्यायला नाही. जवळ काहीच नव्हतं. गाणं तेवढं होतं.

मग चुई गायली. बारीक आवाजात, हळू हळू.

"चुई चुई चुई,
मऊ मऊ भुई.
डोळे मीट, कान पाड,
जवळ तुझी आई."

आवाज कसा होता? सुईसारखा. सूर कसा होता? वाकडा. पण धाकट्याला काय त्याचं? धाकटं गप झालं. आईच्या पोटाला कान लावून बसलं.

चुईनं पुन्हा म्हटलं.

"चुई चुई चुई,
मऊ मऊ भुई.
डोळे मीट, कान पाड,
जवळ तुझी आई."

आणि वर बघते तर काय! वासरानं एक कान पाडला. मग दुसरा कान पाडला. मान खाली घातली. पाय दुमडले. गवतात बसलं, फतकन!

ओसरीवर बाळ अजून रडतच होतं, ट्यँहा ट्यँहा. पण वासराला ते ऐकूच येईना. कानात गाणं भरलं होतं ना!

मग काय झालं? म्हणा माझ्याबरोबर. मोठ्यानं म्हणा.

वासरू गप बसलं.

गायीला बरं वाटलं. तिनं फट् फट् थांबवलं. धप् धप् थांबवलं. आजा तांब्या घेऊन आला. गायीनं दूध दिलं, चुर्र चुर्र, चुर्र चुर्र!

आज्यानं चहा ठेवला. खळखळ खळखळ! कप भरला. गुरगुरत बाहेर नेला. "घे कौतिके. गरम आहे, फुंकून पी. मग म्हणू नको, बाबानं जीभ भाजली."

आई चहा प्यायली. फुर्र फुर्र! घसा ओला झाला. धुरळा खाली गेला. आईनं झोळीवर हात ठेवला आणि गाणं म्हटलं.

"नीज माझ्या दगडू, नीज रे नीज,
पापणीखाली पेरलं झोपेचं बीज.
बीज रुजलं, पान आलं,
पानाखाली बाळ निजलं."

झोपबाई आढ्यावरून खाली आली. कशी आली? पावलं न वाजवता. झोळीच्या दोरीवरून, हळूच, घसरत घसरत. बाळाच्या डोळ्यांवर बसली.

बाळ म्हणालं, ट्यँऽऽ... आणि पुढचं "हा" म्हणायचं राहूनच गेलं.

मग बाळाची मूठ सुटायला लागली. बघा, अशी. करंगळी उघडली. करंगळीशेजारचं बोट उघडलं. मधलं बोट उघडलं. अंगठ्याशेजारचं बोट उघडलं. अंगठा राहिला. अंगठा जरा हट्टी असतो.

"पानाखाली बाळ निजलं..."

अंगठा उघडला!

शेंग पडली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! चुई पिल्लांना घेऊन झोळीखाली येऊन बसलीच होती. थेट तिच्या नाकापाशी!

चुईनं शेंग फोडली, कट्! एक दाणा थोरल्याला. एक दाणा मधल्याला. सगळ्यात मोठा दाणा धाकट्याला. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

आणि चुईला काय? टरफल. ती टरफल चाटत बसली.

आज्यानं ते बघितलं. त्याच्या वाकड्या भुवया आणखी वाकड्या झाल्या. उठला. आईपुढच्या सुपातून मूठभर शेंगा उचलल्या आणि चुईपुढं ठेवल्या.

"घे गं. गोठ्यातलं तुझं गाणं ऐकलं मी. आवाज भिकार आहे तुझा."

चुईनं मान खाली घातली.

"पण वासरू निजलं," आजा म्हणाला. "म्हणजे गाणं बरोबर होतं. उद्या पुन्हा ये. आणि तो वास..." आजा थांबला. मिशीतल्या मिशीत हसला. "असू दे. येऊ दे वास."

चुई घरी निघाली. तोंडात त्यातली एक शेंग. थोरल्यानं आईचं शेपूट धरलं. मधल्यानं थोरल्याचं धरलं. धाकट्यानं मधल्याचं धरलं.

सुर सुर सुर, भिंतीभिंतीनं,
पुढं चुई, मागं...

मागं कुणीच नाही!

ओसरीवर आई अजून गातच होती. बाळ झोपलं तरी आया लगेच थांबत नाहीत. मग धाकट्याचं तोंड सुटलं, पट्. मधल्याचं तोंड सुटलं, पट्. थोरल्याचं तोंड सुटलं, पट्. तिघं तिथंच ओळीनं निजली. पोटं टम्म.

आता काय करायचं? चुईनं शेंग खाली ठेवली. पिल्लांशेजारी बसली. हळूच म्हणाली, चुई चुई चुई...

शेंग पोटात गेली, गोष्ट कानात गेली. बघू, आता तुमची मूठ दाखवा. सुटली? सुटली असेल तर झोपा. आणि नसेल सुटली, तर मला काय विचारता? शेजारी बसलीय ना तुमची आई, तिला म्हणा, गा. आवाज कसा का असेना. गा म्हणावं.